शुक्रावरच्या फॉस्फिनची ऑनलाइन दखल मोजायची कशी?

पत्र

मी ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. बी.एस्सी. रसायनशास्त्रात झालेली असल्यामुळे लघुप्रबंधासाठी ‘खगोल-रसायनशास्त्रातल्या संशोधनाची ऑनलाइन दखल’ हा विषय घेतला. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांतले २१२ शोधनिबंध निवडले, प्रत्येकाचा अल्टमेट्रिक स्कोअर (निबंधाच्या ऑनलाइन उल्लेखांवरून अल्टमेट्रिक ही कंपनी देते तो आकडा) टिपला आणि वर्षवार सरासरी काढली. २०२१ मध्ये ही सरासरी एकदम उसळी घेते. मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, ‘यातून सिद्ध काय होतं?’ मला उत्तर देता आलं नाही. हातात आठ आठवडे आहेत. पैसे भरून वापरायची साधनं परवडणार नाहीत. शिवाय मराठीत झालेली चर्चा यात कुठेच दिसत नाही. ती कशी मोजू?

— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर

सुरुवात २०२१ च्या उसळीपासूनच करू, कारण तुमच्या शीटमधली सगळ्यात मोठी चूक बहुधा तिथेच आहे. यादी स्कोअरच्या उतरत्या क्रमाने लावा. सगळ्यात वर ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’मधला, शुक्राच्या ढगांत फॉस्फिन हा जीवसृष्टीची संभाव्य खूण मानला जाणारा वायू सापडल्याचा दावा करणारा शोधनिबंध दिसतो का बघा. जेन ग्रीव्हज आणि सहकाऱ्यांचा हा निबंध ऑनलाइन आला १४ सप्टेंबर २०२० रोजी. नियतकालिकाच्या पाचव्या खंडात त्याला पृष्ठक्रमांक (६५५ ते ६६४) मिळाले ते मात्र २०२१ मध्ये. त्यामुळे संदर्भसूचीत त्याचं वर्ष २०२१ असं छापलं जातं. तुम्ही ‘वर्ष’ हा रकाना तिथूनच घेतला असेल, तर २०२० च्या सप्टेंबरात झालेली सगळी चर्चा तुमच्या तक्त्यात २०२१ मध्ये जाऊन बसली. म्हणजे निबंध ‘प्रसिद्ध’ होण्याच्या आधीच तो जगभर गाजला, असा विचित्र निष्कर्ष निघतो.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक निबंधासाठी तीन तारखांचे तीन रकाने करा: अर्काइव्हवर (arXiv, संशोधक छपाईआधीचे मसुदे टाकतात ते खुलं संकेतस्थळ) मसुदा आल्याची तारीख, नियतकालिकात ऑनलाइन आल्याची तारीख आणि अंकाची तारीख. मोजणीचा ‘दिवस शून्य’ म्हणजे पहिल्या दोनांपैकी जी आधीची ती. अंकाची तारीख फक्त संदर्भ देण्यापुरती वापरा.

आता सरासरीबद्दल. दखलीचे आकडे नेहमीच अतिशय तिरके असतात. समजा दहा निबंधांचे स्कोअर ०, ०, १, १, २, ३, ३, ५, ८ आणि ३००० असे आहेत. सरासरी येते ३०२.३ आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) येतो २.५. यातला एकही निबंध ३०२ च्या आसपास नाही, मग सरासरी कोणाबद्दल बोलते? अशा माहितीसाठी मध्यक द्या, वरचं आणि खालचं चतुर्थक द्या, आणि ‘किती टक्के निबंधांची शून्य दखल घेतली गेली’ हा आकडा आवर्जून द्या. आमच्या मते या विषयात तोच सगळ्यात बोलका आकडा आहे. आलेख काढताना उभ्या अक्षावर लॉग प्रमाण घ्या, आणि शून्याचा लॉग निघत नसल्यामुळे प्रत्येक आकड्यात आधी १ मिळवा.

पण याहून मूलभूत अडचण स्कोअरमध्येच आहे. अल्टमेट्रिकचा स्कोअर म्हणजे भारित बेरीज. कंपनीने वर्षानुवर्षं जाहीर केलेल्या तक्त्यात बातमीला ८, ब्लॉगला ५ आणि विकिपीडियाला ३ असा भार होता. विकिपीडियाचे ३ एकदाच मिळतात, मग उल्लेख एका लेखात असो की वीस लेखांत. मेंडेली या संदर्भ साठवण्याच्या साधनावर किती वाचकांनी निबंध साठवून ठेवला, हा आकडा शेजारी दिसतो, पण त्याचा भार शून्य. बातम्यांतही संकेतस्थळांच्या श्रेणीप्रमाणे कमी-जास्त होतं. समाजमाध्यमांचे भार मधल्या काळात बदललेले आहेत, म्हणून तुम्ही ज्या दिवशी माहिती उतरवली त्या दिवशीचा तक्ता त्यांच्या मदत-पानावरून जतन करून परिशिष्टात लावा. पोस्ट पुसली गेली की स्कोअर कमीही होतो. तेव्हा प्रत्येक ओळीत ‘पाहिल्याची तारीख’ हवीच.

बातमी, ब्लॉग आणि ट्विट यांची बेरीज म्हणजे किलो आणि लिटर एकत्र मिळवण्यासारखं आहे. उत्तर येतं, पण त्याला एकक नसतं. म्हणून स्कोअरचा रकाना लपवून ठेवा आणि निबंधाच्या तपशील-पानावरचे सुटे आकडे घ्या: बातम्या किती, ब्लॉग किती, विकिपीडिया किती, समाजमाध्यमं किती, मेंडेली किती. २१२ निबंध आहेत, एका निबंधाला तीन-चार मिनिटं धरली तरी हे काम चार दिवसांत होतं. त्याच पानावर ‘याच वयाच्या निबंधांशी तुलना’ असते. ती प्रकाशनाच्या आगे-मागे सहा आठवड्यांतल्या निबंधांशी केलेली असते. २०१९ चा निबंध आणि २०२३ चा निबंध यांचे एकूण आकडे शेजारी ठेवण्यापेक्षा या तुलनेतला पर्सेंटाइल (किती टक्के निबंध मागे पडले तो आकडा) कितीतरी जास्त प्रामाणिक आहे.

मॅडमच्या प्रश्नाकडे वळू. ‘किती दखल?’ हा प्रश्न प्रबंधाला पुरत नाही. आमचा सल्ला असा की २१२ निबंध पार्श्वभूमीला ठेवा आणि मुख्य प्रश्न फॉस्फिनचाच घ्या: मूळ दाव्याला जी दखल मिळाली, तिच्या तुलनेत त्यावरच्या आक्षेपांना आणि दुरुस्तीला किती मिळाली, आणि ती कोणत्या माध्यमात मिळाली? हा प्रश्न मोजता येतो, महत्त्वाचाही आहे, आणि या प्रकरणात तारखा स्वच्छ माहीत आहेत.

त्या तारखा अशा. निरीक्षणं होती हवाईतल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीची (जून २०१७) आणि चिलीतल्या अल्मा दुर्बीण-समूहाची (मार्च २०१९). सुमारे २६६.९ गिगाहर्ट्झला फॉस्फिनची एक शोषणरेषा (वर्णपटातली, त्या रेणूने लहरी शोषल्याची खूण) दिसल्याचा आणि त्यावरून दर अब्ज रेणूंमागे सुमारे २० रेणू फॉस्फिनचे असल्याचा दावा १४ सप्टेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला. ऑक्टोबरमध्ये इग्नास स्नेलेन आणि सहकाऱ्यांचा मसुदा अर्काइव्हवर आला. पार्श्वभूमी वजा करायला वापरलेली बाराव्या घाताची बहुपदी स्वतःच खोट्या रेषा तयार करू शकते, असा त्यांचा आक्षेप होता. त्याच महिन्यात हेरोनिमो व्हियानुएवा आणि सहकाऱ्यांनी दुसरा आक्षेप मांडला: जवळच सल्फर डायऑक्साइडचीही रेषा आहे, आणि दिसलेलं शोषण तिचं असू शकतं. दरम्यान अल्माच्या माहितीच्या अंशांकनात (कॅलिब्रेशनमध्ये) दोष निघाला. नोव्हेंबरमध्ये मूळ गटाने नव्याने प्रक्रिया केलेल्या माहितीवरून फेरविश्लेषण टाकलं. दावा त्यांनी सोडला नाही, पण प्रमाण बरंच खाली आलं. व्हियानुएवांचा आक्षेप रीतसर ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त छापून आला जुलै २०२१ मध्ये.

यातल्या प्रत्येकाला वेगळा डीओआय (निबंधाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) किंवा वेगळा अर्काइव्ह क्रमांक आहे. म्हणजेच प्रत्येकाची दखल वेगळी मोजली जाते. तुमच्यासाठी हे सोयीचं आहे. चार ओळी, प्रत्येकीला दिवस शून्य, आणि प्रत्येकीची ३० दिवसांची आणि ३६५ दिवसांची मोजणी. एकूण जमा आकडा कधीही तुलनेला घेऊ नका. जुन्या निबंधाला उल्लेख गोळा करायला जास्त दिवस मिळालेले असतात, हे उघड आहे. त्यातून एक सोपं गुणोत्तर काढा: आक्षेप-निबंधांचे ३० दिवसांतले उल्लेख भागिले मूळ निबंधाचे ३० दिवसांतले उल्लेख. हे बातम्यांसाठी वेगळं, ब्लॉगसाठी वेगळं, मेंडेलीसाठी वेगळं काढा. मेंडेलीच्या वाचकांना तारखा जोडलेल्या नसतात, म्हणून तिथे एकाच दिवशी पाहिलेला जमा आकडा घ्यावा लागेल आणि तशी टीप द्यावी लागेल. आमचा अंदाज आहे की संशोधकांच्या वाचनात हे गुणोत्तर बातम्यांतल्यापेक्षा बरंच मोठं येईल. पण अंदाज बाजूला ठेवा आणि मोजा.

दोन तांत्रिक सापळे इथेच सांगतो. पहिला ओळखक्रमांकांचा. खगोलशास्त्रात मसुदा आधी अर्काइव्हवर येतो, लोक त्याचीच लिंक फिरवतात, आणि नंतर नियतकालिकाचा डीओआय मिळतो. अर्काइव्हच्या नोंदीत तो डीओआय भरलेला असेल, तर दोन्हींची दखल सहसा एकत्र होते. भरलेला नसेल तर एकाच निबंधाच्या दोन नोंदी राहतात आणि तुम्ही अर्धीच मोजता. नासाच्या एडीएस या खगोलशास्त्रीय निबंधांच्या सूचीत प्रत्येक नोंदीला सगळे ओळखक्रमांक एकत्र मिळतात. तिथून ते उतरवून दोन्ही क्रमांकांनी शोधा. एडीएस पूर्ण मोफत आहे. खातं उघडल्यावर मिळणारी चावी वापरून सगळी यादी एका झटक्यात उतरवता येते, आणि उद्धरणांबरोबर ‘वाचनं’ हा आकडाही मिळतो. तुमच्या प्रश्नात संशोधकांची बाजू मोजायला तो मेंडेलीला पूरक आहे. रसायनशास्त्राच्या बाजूच्या नियतकालिकांत, उदाहरणार्थ ‘एसीएस अर्थ अँड स्पेस केमिस्ट्री’त, अर्काइव्हची सवय तितकी रुजलेली नाही. त्यामुळे तिथल्या निबंधांचे आकडे कमी दिसले तर त्याचा अर्थ लगेच ‘कमी लोकप्रिय’ असा लावू नका.

दुसरा सापळा बॉटचा. अर्काइव्हवर नवे खगोलशास्त्रीय मसुदे आले की त्यांची शीर्षकं आपोआप पोस्ट करणारी खाती आहेत. ही यादी जाहीर होते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वेळेनुसार रविवार ते गुरुवार रात्री आठ वाजता. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच, आणि त्यांच्याकडे हिवाळी वेळ असेल तेव्हा साडेसहा. त्या क्षणानंतर लगेच आलेल्या, फक्त शीर्षक आणि लिंक असलेल्या, एकाच साच्यातल्या पोस्टी वेगळ्या काढा. ज्या निबंधाची दखल मुळात दोन-तीन उल्लेखांची, तिथे हे दोन-तीन उल्लेख बॉटचेच असण्याची शक्यता दाट असते. म्हणून ‘शून्य दखल’ टक्केवारी दोनदा काढा, बॉटसह आणि बॉटशिवाय.

एक्सवरच्या (पूर्वीच्या ट्विटरवरच्या) आकड्यांवर फार भिस्त ठेवू नका. २०२३ मध्ये संशोधकांसाठीची मोफत माहिती-सुविधा बंद झाली, आणि पुढे संशोधकांपैकी बरेच जण इतर माध्यमांवर गेले. २०२० आणि २०२३ च्या आकड्यांमधला फरक लोकांच्या रसाचा की माध्यमाच्या बदलाचा, हे तुम्हाला वेगळं करता येणार नाही. २०२० मधल्या चार निबंधांची आपसात तुलना मात्र चालेल, कारण ते एकाच काळातले आहेत.

यादी कशी निवडलीत, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. ‘ॲस्ट्रोकेमिस्ट्री’ या लेखक-कीवर्डने निवडली असेल तर थांबा. ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’, ‘मंथली नोटिसेस’ आणि अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची नियतकालिकं असे कीवर्ड छापतात. ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ लेखकांचे कीवर्ड छापत नाहीत. म्हणजे सगळ्यात जास्त गाजणारे निबंधच गाळले जाण्याचा धोका. त्यापेक्षा एडीएसमध्ये सारांशात शोध घ्या: खगोल-रसायनाचे शब्द, तारकांमधल्या माध्यमाचे शब्द आणि रेणूंची नावं, जोडीला ‘परीक्षित लेख’ ही अट. मग हाताने चाळा. शोधाची ओळ जशीच्या तशी प्रबंधात द्या, म्हणजे दुसऱ्या कोणालाही तीच यादी मिळेल.

चाळताना कॅलेंडरही समोर ठेवा. हेलियम हायड्राइड आयन हा विश्वात सगळ्यात आधी तयार झालेल्या रेणूंपैकी एक. एनजीसी ७०२७ या ग्रहीय तेजोमेघात तो सापडल्याचा निबंध ‘नेचर’मध्ये आला १७ एप्रिल २०१९ रोजी. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १० एप्रिलला, कृष्णविवराची पहिली प्रतिमा जाहीर झाली होती. अशा आठवड्यात खगोलशास्त्राची जागा आधीच भरलेली असते. म्हणून तुलनेसाठी त्याच नियतकालिकातले, आगे-मागे सहा आठवड्यांतले दोन-तीन निबंध प्रत्येक गाजलेल्या निबंधाला जोडून घ्या. फॉस्फिनसाठी ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’चे सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मधले इतर निबंध चालतील.

बातम्या मोजताना नक्कल काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात आवश्यक काम. वृत्तसंस्थेची एकच प्रत पन्नास संकेतस्थळं छापतात आणि साधन पन्नास बातम्या मोजतं. फॉस्फिनच्या दिवशी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी, युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी, कार्डिफ विद्यापीठ आणि एमआयटी यांनी आपापली प्रसिद्धीपत्रकं काढली होती. ती मिळवा. प्रत्येक बातमीची पहिली पन्नास शब्दांची ओळ एका रकान्यात चिकटवा, त्या रकान्यावर क्रम लावा. शेजारी-शेजारी आलेल्या सारख्या ओळी म्हणजे एकच मूळ. शेवटी दोन आकडे द्या: ‘छापून आलेल्या बातम्या’ आणि ‘स्वतंत्र लिहिलेल्या बातम्या’. पहिला आकडा प्रसार सांगतो, दुसरा पत्रकारांची मेहनत सांगतो. दोन्ही खरे आहेत, पण वेगळे आहेत.

सामान्य वाचकाचं कुतूहल मोजायला मोफत साधनांत विकिपीडियाच्या पानभेटींना तोड नाही. जुलै २०१५ पासूनची रोजची आकडेवारी खुली आहे. ‘पेजव्ह्यूज’ साधनात इंग्रजी विकिपीडियावरचे फॉस्फिन, शुक्र आणि शुक्रावरील जीवसृष्टी हे तीन लेख घ्या, कालावधी १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२०. ‘एजंट’मध्ये ‘युजर’ निवडा, नाहीतर यंत्रांच्या भेटीही धरल्या जातात. पुनर्निर्देशित शीर्षकांच्या भेटी मूळ लेखात मिळवल्या जात नाहीत, त्या वेगळ्या काढून जोडाव्या लागतात. मग आधाररेषा काढा: घटनेच्या आधीच्या २८ दिवसांतला त्या-त्या वाराचा मध्यक. वार महत्त्वाचा आहे, कारण शाळा-कॉलेजच्या विषयांवरचे लेख शनिवार-रविवारी कमी वाचले जातात. प्रत्येक दिवसाच्या भेटींतून त्या वाराची आधाररेषा वजा केली की उरते ती जादा दखल. जादा दखल कितव्या दिवशी निम्म्यावर येते आणि कितव्या दिवशी आधाररेषेला टेकते, हे दोन दिवस नोंदवा. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आक्षेप आले तेव्हा रेषा पुन्हा वर उठली का, इथे तुमच्या मुख्य प्रश्नाचं सामान्य वाचकांपुरतं उत्तर मिळेल.

इथे एक बारकावा सुटतो आणि त्यामुळे आलेख चुकतो. विकिपीडियाचा दिवस जागतिक प्रमाणवेळेने बदलतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. फॉस्फिनची पत्रकार परिषद होती १४ सप्टेंबरला प्रमाणवेळेनुसार दुपारी तीनला, आपल्या रात्री साडेआठला. म्हणजे १४ तारखेच्या आकड्यात घोषणेनंतरचे फक्त नऊ तास येतात, आणि भारतातल्या सकाळच्या वर्तमानपत्रांचा परिणाम १५ तारखेत जातो. ‘पहिल्या दिवशी प्रतिसाद कमी, दुसऱ्या दिवशी वाढला’ असं लिहाल तर ते घड्याळाने घडवलेलं असेल. पहिले दोन दिवस एकत्र धरा. बातमी ठरलेल्या वेळेआधीच फुटली होती, तेव्हा १३ तारखेकडेही नजर टाका.

गूगल ट्रेंड्स वापरायचंच असेल तर सावधपणे वापरा. तिथला १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळातल्या आणि प्रदेशातल्या सर्वोच्च बिंदूला १०० धरून बाकीचे आकडे मोजलेले असतात. आकडे नमुन्यावरून काढलेले असल्यामुळे आज आणि उद्या उतरवलेली फाइल वेगळी येऊ शकते. वेगवेगळ्या पाच दिवशी उतरवा, सरासरी घ्या आणि फरकही द्या. खरी अडचण शब्दांची आहे. फॉस्फिन हा धान्याच्या गोदामात कीड मारायला वापरला जाणारा विषारी वायूही आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून तोच सुटतो. गोदामातल्या विषबाधेच्या बातमीनंतरही ‘फॉस्फिन’चा शोध वाढतो. आणि ‘शुक्र’ हा शब्द देवनागरीत टाकलात तर राशिभविष्य, शुक्रवारची व्रतं आणि आरोग्यविषयक शोध यांचा पूर येईल, त्यात हिंदीतले शोधही मिसळलेले असतील. प्रदेश ‘महाराष्ट्र’ निवडल्याने जागा ठरते, भाषा ठरत नाही. ‘शुक्र’ आणि ‘फॉस्फिन’ एकत्र असलेला शोध घ्या. तो बहुतेक वेळा शून्य दाखवेल. शून्य म्हणजे पुरेसे शोध नाहीत, कोणीच शोधलं नाही असं नव्हे.

आता मराठीबद्दल, कारण तुमच्या प्रबंधातला खरोखर नवा भाग हाच होऊ शकतो. तयार साधनांत मराठी दिसत नाही याचं कारण सरळ आहे. साधन लिंक शोधतं, किंवा नियतकालिकाचं नाव आणि लेखकाचं नाव मजकुरात शोधतं. आपल्याकडच्या बातमीत बहुधा ‘ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी’ एवढंच असतं. निबंधाची लिंक नाही, नाव देवनागरीत. यूट्यूबवरच्या व्हिडिओचंही तेच. वर्णनात निबंधाची लिंक नसेल तर तो व्हिडिओ कितीही पाहिला गेला तरी मोजणीत येत नाही.

तेव्हा हे हातानेच करावं लागेल. पाच संकेतस्थळं ठरवा, उदाहरणार्थ लोकसत्ता, सकाळ, महाराष्ट्र टाइम्स, लोकमत आणि बीबीसी मराठी. १४ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या तारखांत, शोधयंत्रात एकेका संकेतस्थळापुरता शोध घ्या. एकाच रूपाने शोधू नका. फॉस्फिन, फॉस्फीन, फॉस्फाइन अशी तीनही लेखनं घ्या. ‘शुक्र’ऐवजी ‘शुक्रावर’, ‘शुक्राच्या’, ‘शुक्र ग्रहावर’ ही रूपं घ्या, कारण मराठी बातमीत शब्द प्रत्यय लागूनच येतो. ‘व्हीनस’ही घ्या. प्रत्येक सापडलेल्या बातमीचं पान वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या मोफत संग्रहात) जतन करा आणि त्याची लिंक शीटमध्ये ठेवा. जुन्या बातम्यांचे पत्ते बदलतात, परीक्षकाने विचारल्यावर पान उघडायला हवं. पुढचे रकाने असे: तारीख, शीर्षक, नियतकालिकाचं नाव दिलंय का, संशोधकाचं नाव दिलंय का, लिंक आहे का, ‘जीवसृष्टी’ शीर्षकात आहे का, आणि अनिश्चितता सांगितली आहे का. मग त्याच संकेतस्थळांवर आक्षेपांची बातमी आली का ते बघा. बातम्या पंचवीस-तीसच निघतील कदाचित. तेवढ्या चालतील. टक्केवारी न देता आकडेच द्या.

इथे आणखी एक गोष्ट प्रबंधात स्पष्ट लिहायला हवी. डीओआयवर चालणारी मोजणी निबंध नसलेल्या विज्ञानाला आंधळी असते. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस चंद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीवरच्या लेसर वर्णपटमापकाने दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याची खात्री केली, आणि इस्रोने ते आपल्या संकेतस्थळावर आणि समाजमाध्यमांवर जाहीर केलं. भारतातल्या लोकांनी त्या वर्षी चवीने वाचलेलं अवकाशातलं रसायनशास्त्र ते हेच. त्या घोषणेला डीओआय नव्हता, म्हणून तुमच्या २१२ ओळींत ती नाही. प्रज्ञानवरच्या दुसऱ्या उपकरणाचा, क्ष-किरण वर्णपटमापकाचा, मातीच्या घटकांवरचा निबंध ‘नेचर’मध्ये आला ऑगस्ट २०२४ मध्ये. २०२३ मधली दखल या निबंधाच्या खाती कधीच जमा होणार नाही. मर्यादांच्या प्रकरणात हे उदाहरण तारखांसह द्या.

उल्लेख मोजून झाले की त्यांतले काही वाचायलाच हवेत. मूळ दाव्याच्या आणि आक्षेपांच्या उल्लेखांतून यादृच्छिक पद्धतीने प्रत्येकी शंभर निवडा. शंभर नसतील तर सगळे घ्या. चार वर्ग पुरेत: फक्त शीर्षक पुढे ढकललं, स्वतः समजावून सांगितलं, शंका घेतली, आणि अवांतर. तुमच्याशिवाय आणखी एका व्यक्तीकडून, तुमची उत्तरं न दाखवता, तेच वर्गीकरण करून घ्या आणि कोहेनचा कप्पा (kappa, दोघांचं वर्गीकरण किती जुळतं ते सांगणारा आकडा) काढा. तो ०.७ च्या खाली आला तर वर्गांच्या व्याख्या अस्पष्ट आहेत असं समजा. व्याख्या सुधारा आणि नवे उल्लेख घेऊन पुन्हा करा, तेच उल्लेख परत वापरू नका. सामान्य लोकांच्या पोस्टी प्रबंधात शब्दशः, खात्याच्या नावासकट छापू नका. पोस्ट सार्वजनिक असली तरी ती व्यक्ती तुमच्या परिशिष्टात यायला तयार आहे असं होत नाही.

आठ आठवड्यांचा हिशोब असा बसतो. पहिल्या आठवड्यात तारखा आणि ओळखक्रमांक दुरुस्त करा. दुसऱ्यात सुटे आकडे आणि बॉटची छाननी. तिसऱ्यात विकिपीडिया, चौथ्यात बातम्यांची नक्कल-काढणी. मराठीला पाचवा आणि सहावा असे पूर्ण दोन आठवडे द्या, ते काम दिसतं त्याहून सावकाश होतं. सातव्यात वाचून वर्गीकरण, आठव्यात लेखन. अल्टमेट्रिककडे संशोधनासाठी मोफत माहिती मागण्याचा अर्ज करता येतो, तो आजच टाका. मोफत तपशील-पानावर सगळे उल्लेख दिसत नाहीत, आणि परवानगी यायला वेळ लागू शकतो. ती वेळेत आली नाही तर समाजमाध्यमांचे आकडे फक्त बेरजेपुरते ठेवा, सातव्या आठवड्यातलं वर्गीकरण बातम्या आणि ब्लॉग यांच्यावरच करा, आणि प्रबंधाच्या शीर्षकात ‘ऑनलाइन दखल’ऐवजी ‘ऑनलाइन बातम्या व ब्लॉगमधील दखल’ असं लिहा.